बँकेत दोन सरुबाई

मी माझ्या नवऱ्याचं नाव सरळ कधी घेतलं नाय. एवढी वर्षं एका घरात काढली, भांडणंसुद्धा नाव न घेता केली. हाक मारायची तर 'अहो', आणि ते लांब असले तर बांगड्या वाजवायच्या. एकदा विहिरीवरची मोटार धूर सोडायला लागली आणि हे शेताच्या पार त्या टोकाला. मी बांगड्या अशा वाजवल्या, अशा वाजवल्या, की आमच्या मखमलाबादची शाळा सुटली. पोरांना वाटलं घंटा झाली.

उखाण्यात घेतलं तर चालतं. तो नावाचा मान. पण एरवी नाय. आणि नुसतं नावच नव्हे, नावातला शब्दसुद्धा नाय. गव्हाचं पीठ चाळलं की चाळणीत वर जे राहतं ना, त्याच्यापुढं मानानं 'जी' लावलं की आमच्या मालकांचं नाव होतं. म्हणून त्या शब्दालाही मी कधी हात लावला नाय. आमच्या घरात त्याला 'चाळणीतलं' म्हणतात. म्हशीला चाळणीतलं घाला. डोक्यात चाळणीतलं झालंय, लिंबू लावा.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूबाईंनी मला पेंडीच्या दुकानात धाडलं, म्हशीसाठी तेच आणायला. मी दुकानदाराला म्हणाले, चाळणीतलं द्या. त्यानं चाळणी दिली. मी म्हणाले, चाळणी नको, तिच्यातलं द्या. त्यानं चाळणी उजेडात धरली, आरपार बघितलं, म्हणाला, वहिनी, हिच्यात तर काय नाय, दुसरी घ्या. अशा सात चाळण्या घेऊन मी घरी आले. म्हैस उपाशी. सातातल्या पाच मी नंतर वाढवल्या, पण दोन चाळण्या खरंच आल्या होत्या, त्यातली एक अजून वापरात हाय.

तर माझं खातं पंचवटीतल्या एका बँकेत होतं, मालेगाव स्टँडापासून हाकेच्या अंतरावर. आमची फुलशेती. शेवंती, झेंडू, निशिगंध. फुलांचे पैसे घरात ठेवले की ते मोटारीत नायतर खतात जायचे, म्हणून मी माझ्या पाटीचे थोडे थोडे तिकडं टाकायचे. शाळेत मी गेले नाय, त्यामुळं सही नाय, अंगठा.

अंगठेवाल्यांना तिथं कडक कायदा. स्वतः यायचं, अंगठा तिथल्या तिथं उठवायचा आणि विचारलेलं सांगायचं. नाव काय, नवऱ्याचं नाव काय, गाव कुठलं. खिडकीवर गोरक्षभाऊ म्हणून कारकून होते, सिन्नरकडचे, रोज एसटीनं यायचे. पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, मी पदर ओढला. मागं रांग लागलेली. म्हणजे कशी रांग, तिचं शेपूट गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, पाण्यात भिजत होतं. लोक ओरडायला लागले. मग मी सांगितलं, उखाण्यात घेईन, चालेल का? ते म्हणाले, बँकेच्या कायद्यात कुठं मनाई केलेली नाय. मी घेतला:

"बँकेच्या दारात टाकलं बाकडं,
कोंडाजीरावांचं नाव घेते, बघू नका वाकडं."

सगळी बँक हसली. त्यानंतर दर खेपेला एक नवा उखाणा. मी त्यांना एकदा म्हणालेसुद्धा, भाऊ, सहा वर्षं तोंड बघता, आता तरी विचारू नका. तर म्हणाले, "मावशी, मी ओळखतो हो तुम्हाला. पण उद्या माझ्या जागी दुसरा येईल, तो कसा ओळखणार? विचारायची रीत मोडायची नाही."

सात चाळण्यांची गोष्टही मी त्यांना सांगितली होती. तेव्हा ते एवढे हसले की शिक्का कागदावर मारायचा तो स्वतःच्या मनगटावर मारला. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं म्हणे, आज तुम्हालाच जमा केलं का.

अठ्ठ्याण्णव साल. आमची धाकटी मनीषा बारावी झाली आणि डी.एड.ला तिचा नंबर लागला, सिन्नरच्या बाजूला एका कॉलेजात. आमच्या भावकीत मास्तरीण कोणीच झालेली नव्हती. कागद आला, त्यात लिहिलेलं, बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत फीचा ड्राफ्ट भरा, नायतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. मनीषानं तो कागद मला इतक्यांदा वाचून दाखवला की घड्या पडून त्याचे चार कागद झाले. फी माझ्या खात्यातनं निघणार होती. वरती थोडे उरले असते, तिच्या दोन साड्यांपुरते. दुसरीकडनं पैसे यायला जागाच नव्हती. त्या वर्षी झेंडूवर करपा आला होता आणि हाती होतं ते हे पुढच्या लागवडीत घालून बसले होते.

आता माझी चूक सांगते.

पहाटे गावातनं मंगळूचा टेम्पो फुलं घेऊन गंगेवरच्या बाजारात जायचा. आम्ही बाया मागं पाट्यांना टेकून बसायचो. मंगळू आमच्याच गावचा, गोड बोलायचा, पाटी उतरवून द्यायचा. सोमवारी टेम्पोत माझी शेजारीण सिंधुबाई मला म्हणाली, "सरू, फी भरणार कशानं? झेंडू घेतात का कॉलेजात?"

बाया हसल्या. माझ्या डोक्यात आग. मी म्हणाले, "माझ्या बँकेत लाख रुपये पडलेत. साहेब मी गेल्यावर पंखा माझ्याकडं वळवतो." आणि पिशवीतनं पासबुक काढून सगळ्यांच्या नाकासमोर हलवलं. वाचता कोणालाच येत नव्हतं, त्यामुळं लाख म्हणजे लाख. खरं तर त्यात चौदा हजार होते. उद्या जाऊन काढणार, असंही सांगून बसले. पुढं बसलेल्या मंगळूला आरसा होता आणि कानही होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाय.

मंगळवारी बाजारात पाटी उतरवली, शेवंती विकली, बँकेत जायला निघाले, तर पिशवी नाय. पासबुक त्यातच. पाट्यांखाली बघितलं, गोण्या उलट्या केल्या. शेवटी टेम्पोकडं पळाले. मंगळू म्हणाला, काकू, पहाटे तुमच्याकडं पिशवी नव्हतीच, मी बघितलं ना. घरीच राहिली असणार. आधी घरी जाऊन बघा, उगाच बँकेत जाऊन काय करणार मोकळ्या हातानं? त्यानंच मला रिक्षाकडं नेलं, रिक्षावाल्याला सांगितलं, काकूंना नीट सोड. मी त्याला आशीर्वाद दिला. डोक्यावर हात ठेवून दिला. आठवलं की अजून हाताला खाज सुटते.

घरी मी डबे उपसले, गादी उलटी केली. मनीषा कोपऱ्यात बसून तो चार घड्यांचा कागद जोडून बघत होती, आणि तिचं तोंड निशिगंधासारखं पांढरं. ती रडली असती तर बरं वाटलं असतं. हे शेतातनं आले, ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "पासबुक हरवलंय, पैसे कुठं हरवलेत? बँकेत जा आणि सांग."

ही एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. पण दोन तास गेले होते.

त्या दोन तासांत बँकेत काय झालं ते मला नंतर कळलं. एक बाई आली. माझ्याच वयाची, नऊवारी, पदर कपाळापर्यंत. हातात माझी पिशवी, पिशवीत माझं पासबुक. पासबुकात माझा फोटो. आता तो फोटो म्हणजे काय सांगू. रविवार कारंज्याजवळच्या फोटोवाल्यानं म्हटलं, मावशी, पदर मागं घ्या, तर मी लाजून आणखी पुढं ओढला. त्या फोटोत नाकाच्या शेंड्याशिवाय कायच आलं नव्हतं. तो फोटो दाखवून नाशिक जिल्ह्यातली कोणतीही बाई पैसे काढू शकली असती, दोन-चार पुरुषसुद्धा.

आणि खिडकीवर गोरक्षभाऊ नव्हते. जूनमध्ये त्यांची बदली त्र्यंबकेश्वरला झाली होती. त्यांच्या जागी स्नेहल नावाची नवी पोरगी आलेली, नाशिक शहरातली, पोरसवदा, चष्मेवाली. ती मला ओळखत नव्हती, मी तिला ओळखत नव्हते. साहेबही नवे, पुण्याकडचे.

त्या बाईनं चौदा हजाराची चिठ्ठी दिली, कोणाकडनं तरी भरून आणलेली. स्नेहलनं विचारलं, नाव? सरुबाई. नवऱ्याचं नाव?

"कोंडाजी," ती बाई म्हणाली. दुसरीच्या तोंडचं सांगायला पाप नाय, म्हणून सांगते. अशी म्हणाली, जसं काय बाजारात वांगी मागतेय.

गाव? मखमलाबाद. सगळं बरोबर. अंगठा उठवला. साहेबांकडं वरच्या ऑफिसातली माणसं यायची होती, ते घाईत. म्हणाले, पासबुक हाय, फोटो हाय, माहिती जुळली, देऊन टाका. पैसे मोजून टेबलावर आले.

स्नेहलनं अंगठा जुळवायला म्हणून पेटीतनं माझं कार्ड काढलं, ज्याच्यावर खातं उघडताना माझा अंगठा घेतला होता ते. अंगठ्यानं काय कळणार? जन्मभर फुलं खुडणाऱ्या बाईच्या अंगठ्याला रेषा राहतात का? माझा अंगठा म्हणजे घासलेलं नाणं. कार्डावर एक निळा डाग, चिठ्ठीवर दुसरा निळा डाग. पण कार्डाच्या मागं पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. गोरक्षभाऊंनी जाताना सगळ्या अंगठेवाल्यांच्या कार्डांवर असं लिहून ठेवलं होतं, त्यांच्या जागी येणाऱ्यासाठी. कोणाला कमी ऐकू येतं, डाव्या कानाशी बोला. कोणाचा मुलगा सोबत आला तर पैसे बाईच्याच हातात द्या. तसंच माझ्याही कार्डावर.

स्नेहलनं ते वाचलं आणि तिचा हात थांबला. तिनं आरडाओरडा केला नाय, चोर म्हटलं नाय. त्या बाईला म्हणाली, मावशी, सुट्ट्या नोटा यायच्यात, बसा, चहा घ्या. त्र्यंबकला गोरक्षभाऊंना फोन लावला, तर लाइन बंद. साहेबांना सांगितलं, मला शंका हाय, थोडा वेळ द्या. साहेब म्हणाले, पेन्सिलीच्या लिहिण्यावर तुम्ही गिऱ्हाइकाला बसवून ठेवणार? पाच मिनिटं, ती म्हणाली. पाचाची पंधरा झाली, पंधराची पंचवीस. त्या बाईला दुसरा चहा पाजला. साहेब आतनं घड्याळ दाखवत होते.

तेवढ्यात मी पोचले. माझा श्वास असा चालला होता की दाराजवळच्या माणसाच्या डोक्यावरची टोपी उडाली. आत बघते तर बाकड्यावर एक बाई, बशीतनं चहा पितेय, आणि तिच्या मांडीवर माझी पिशवी.

मी म्हणाले, ही माझी पिशवी. ती म्हणाली, माझी. मी खिडकीशी गेले, सांगितलं, माझं पासबुक चोरलंय, मी सरुबाई. बाकड्यावरून आवाज आला, सरुबाई मी. साहेब केबिनमधनं बाहेर आले. रांगेतले लोक पैसे विसरून गोल करून उभे राहिले. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं पासबुक नाय, पिशवी नाय, पायात एक चप्पल, केसात डब्यातलं पीठ. ती बाई कशी नीटनेटकी, चहा पिऊन ताजीतवानी.

"नवऱ्याचं नाव सांगा," साहेब म्हणाले. दोघींना म्हणाले.

"कोंडाजी," ती लगेच म्हणाली.

साहेब माझ्याकडं वळले. आणि मला उखाणा सुचेना. मला. जिनं बारशाला आलेल्या बायांना रात्रीपर्यंत उखाण्यांवर थोपवून धरलंय, तिला दोन ओळी जुळेनात. टेबलावर माझे पैसे दिसत होते. आठ वर्षांची शेवंती ती. आणि घरी पोरगी कागद जोडत बसलेली.

"बघा," साहेब म्हणाले, "या बाईंना नवऱ्याचं नाव सांगता येत नाही."

साहेबांचं काय चुकलं म्हणा. जिला नाव येतं ती खरी, जिला येत नाय ती खोटी, असं शहरात कोणीही म्हणेल. त्यांनी स्नेहलला खूण केली, त्यांचे पैसे देऊन टाका, ह्यांना बसवा, पोलिसांना बोलवतो. म्हणजे मला पकडायला.

मी मनात म्हटलं, सरू, आता कसली लाज. पोरीसाठी घ्यायचं नाव, आणि संध्याकाळी देवापुढं नाक घासायचं. मी डोळे मिटले, पदर घट्ट धरला आणि तोंड उघडलं.

"मावशी, थांबा," स्नेहल म्हणाली. "ते नाव तुम्ही सरळ घेतलंत, तर मला तुम्हाला पैसे देता यायचे नाहीत."

माझं तोंड उघडं ते उघडंच. सगळे तिच्याकडं बघायला लागले. साहेबांना वाटलं पोरीचं डोकं फिरलं. तिच्या हातात माझं कार्ड होतं, उलटं धरलेलं, छातीशी. ती आधी बाकड्यावरच्या बाईकडं गेली आणि अगदी सहज, जसं काय शेजारणीला विचारावं तसं, तिनं विचारलं, मावशी, गव्हाचं पीठ चाळलं की चाळणीत काय राहतं हो?

त्या बाईला हसू आलं. म्हणाली, "कोंडा. आणखी काय राहणार? शिकलेल्या पोरींना एवढंही माहीत नाय."

लोक हसले. स्नेहल नाय हसली. ती माझ्याकडं आली. "तुमच्या घरी काय म्हणतात त्याला?"

"चाळणीतलं," मी म्हणाले.

स्नेहलनं कार्ड साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी चष्मा वर केला, कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं: "नवऱ्याचे नाव सरळ घेत नाही, उखाण्यात घेते. नावातला 'कोंडा' हा शब्दही बोलत नाही. त्याला 'चाळणीतलं' म्हणते. सरळ बोलली तर पैसे देऊ नयेत."

साहेबांनी ते पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. बँकेत एवढी शांतता झाली की तिजोरीतली नाणी कूस बदलताना ऐकू आली.

मग साहेबांनी त्या बाईकडं बघितलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी सरुबाईच शे." झालं. 'हाय'ला 'शे' आमच्याकडं कोण म्हणतं? ती बागलाणकडची बोली. मखमलाबादमध्ये मी सोडून सगळे खोटं बोलले तरी 'शे' कोणी म्हणायचं नाय. साहेबांना बोलीतलं काय कळलं नाय, पण रांगेतल्या लोकांना कळलं आणि त्यांनी दाराशी गर्दी केली, तिला बाहेर जायला वाट ठेवली नाय.

साहेबांनी तिला खुर्चीवर बसवून खरं नाव विचारलं. लंकाबाई. मंगळूच्या लांबच्या नात्यातली, नामपूरची, कांदा निवडायला जाणारी. नवऱ्याचं नाव? तिनं पदर ओढला. पुन्हा विचारलं, ती भिंतीकडं वळली. चोरी कबूल केली, मंगळूचं नाव दिलं, पण नवऱ्याचं नाव काय तोंडातनं निघेना. माझ्या नवऱ्याचं दोनदा घेतलं होतं, तेही न अडखळता. मग मात्र मला रागातसुद्धा हसू आलं. तिचं काय चुकलं? माझा नवरा तिला कोण लागतो? ते नाव घेताना तिची जीभ कशाला अडेल? मंगळूनं तिच्याकडनं घोकून घेतलं नाव, गाव, सगळं. घोकून घेणारा पुरुष होता, त्याला हे सुचणार कसं.

जाता जाता लंकाबाई माझ्याकडं बघून फणकारली, "मंगळूनी सांगं, लाख रुप्या शेतस. अन निंघनात चौदा हजार." म्हणजे फसवणूक तिची झाली होती.

साहेबांनी ते ऐकलं. मला विचारलं, बाई, तुमच्या पैशांबद्दल कोणाकोणाला माहीत होतं? मी म्हणाले, फार कोणाला नाय, एक टेम्पो भरून. आणि लाख कोण म्हणालं? मी छताकडं बघितलं. तिथं पाल होती. साहेबांनीही पाल बघितली आणि पुढं विचारलं नाय.

मंगळू बाहेर टेम्पोत बसला होता म्हणे. मी आत शिरताना दिसले तशी त्यानं गाडी सुरू केली. बँकेनं तक्रार दिली आणि पोलिसांनी त्याला दोन दिवसांनी ओझरला धरलं. त्याचं पुढं काय ते त्याचं तो बघो.

सगळं निस्तरल्यावर मी तिथंच फरशीवर बसले. साहेबांनी स्वतः पाणी आणलं. कपाळावर घाम त्यांच्याही होता. खाली बसलेल्या मला उभ्यानं बोलणं बरं दिसेना, म्हणून ते उकिडवे बसले, पँटची इस्त्री मोडून. म्हणाले, "घाई माझी झाली, बाई. पासबुक खरं दिसलं म्हणून माणूसही खरं धरलं. पैसे तिजोरीत सांभाळले म्हणजे आमचं काम झालं, असं नाही. ते ज्याचे त्याच्याच हातात पडतायत का, हे बघायला आम्ही इथं बसलोय. आज ते या मुलीनं बघितलं."

मी म्हणाले, साहेब, ते सगळं खरं, पण माझा ड्राफ्ट.

व्यवहाराची वेळ टळून गेली होती, खिडक्यांच्या फळ्या पडत होत्या. साहेबांनी कोणाला घरी जाऊ दिलं नाय. माझ्या चोरीला गेलेल्या पासबुकाचा नीट कागद केला, फीचा ड्राफ्ट केला, उरलेले खात्यात राहू दिले. ड्राफ्ट म्हणजे केवढासा कागद. मी म्हणाले, एवढ्या पैशात एवढाच? स्नेहल हसून म्हणाली, मावशी, मोठा करून देऊ का? तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी दिसलं. तिची नोकरी नवी होती. साहेबांचं न ऐकता पंचवीस मिनिटं एका बाईला चहा पाजणं, आणि ती बाई खरीच निघाली असती तर? मी तिला विचारलं, तुला भीती नाय वाटली? ती म्हणाली, वाटली ना, खूप. पण लिहून ठेवणाऱ्यानं उगाच कशाला लिहिलं असेल, असं वाटलं.

मी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आवाज असा आला की वॉचमन बंदूक घेऊन धावत आला.

घरी पोचले तर मनीषा दारातच. मी पोलक्यातनं ड्राफ्ट काढून तिच्या हातात दिला. तिनं वाचला. मग ती एवढी रडली, सकाळपासूनचं सगळं, की ह्यांनी दोन वाफ्यांचं पाणी बंद केलं. मी नको म्हणाले, खारं पाणी शेवंतीला चालत नाय.

बुधवारी पहिल्या एसटीनं मी आणि ती सिन्नरला गेलो. तिथनं जीप. कॉलेजच्या खिडकीवर अकराला ड्राफ्ट भरला, पाचाची वाट कशाला बघा. तिथल्या माणसानं पावती फाडून दिली, शिक्का मारला आणि म्हणाला, सोमवारपासून या. एवढंच. त्याला काय माहीत.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. मनीषा बसली तशी झोपली, माझ्या डाव्या खांद्यावर, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. दोन रात्री पोरगी झोपली नव्हती. पावती माझ्या उजव्या मुठीत. नाशिक रोडच्या अलीकडं कंडक्टर आला, म्हणाला, मावशी, तिकीट. मी म्हणाले, डाव्या हाताकडं पिशवी हाय, त्यातनं तूच काढ. तो म्हणाला, उजवा हात मोकळा दिसतोय की.

मी म्हणाले, "तो नाय मोकळा. आणि हळू बोल, मास्तरीणबाई झोपल्यात."